चिडचिड नेमकी किती वाजता होते, ते आधी बघा

कॉफी वाढली, झोप बिघडली, आणि आता कुणी साधी वेळ विचारली तरी अंगावर धावून जावंसं वाटतं. या तक्रारीवर दोनच सल्ले मिळतात. एक, "कॉफी सोडून दे." दुसरा, "कॉफीने कुठे काय होतं?" माझ्या मते दोन्ही कुचकामी. पहिला ऐकणारा दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो आणि तिसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पितो. दुसरा ऐकणारा वर्षानुवर्षं अर्धवट झोपतो आणि आपला स्वभावच तापट आहे असं धरून चालतो.

कॉफीमुळे होणारी चिडचिड तीन प्रकारची असते. तिन्हींची कारणं वेगळी, वेळा वेगळ्या, म्हणून उपायही वेगळे. एकीचा उपाय दुसरीला लावला की प्रकरण चिघळतं. त्यामुळे काहीही बदलण्याआधी चार-पाच दिवस एवढंच करा: प्रत्येक कपाची वेळ लिहा, त्यात किती ग्रॅम कॉफी होती ते लिहा, आणि डोकं कधी फिरलं ते लिहा. अॅप वगैरे नको, कागद पुरे.

पहिली चिडचिड कप संपल्यावर अर्ध्या तासाने सुरू होते आणि दोन-तीन तास टिकते. छातीत धडधड, बोटांना कंप, एका कामावर मन न ठरणं, समोरचा फार सावकाश बोलतोय असं वाटणं ही तिची लक्षणं. इथे दिवसभराच्या कॉफीचा दोष नसतो, एका वेळच्या डोसचा असतो. रिकाम्या पोटी कॅफिन झपाट्याने शोषलं जातं, साधारण अर्ध्या ते एका तासात रक्तातली पातळी टोकाला जाते. निरोगी प्रौढांसाठी युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये जी मर्यादा सांगितली ती दिवसाला ४०० मिलिग्रॅमची आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच अहवालात एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत असंही म्हटलंय, ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. या प्रकाराला उपाय सोपा आहे. कॉफी तेवढीच ठेवा, पण मोठा मग अर्धा करा, उरलेला अर्धा दोन तासांनी घ्या, आणि आधी काहीतरी खा. वरून भरपूर पाणी पिऊन कॅफिन "धुऊन" निघत नाही. ते यकृतातच मोडतं, आणि यकृताला तुमच्या घाईशी घेणंदेणं नाही.

दुसरी चिडचिड पुढच्या कपाच्या आधी येते. सकाळी उठल्या उठल्या, किंवा सुट्टीच्या दिवशी उशिरा उठल्यावर. डोकं जड, अंगात मरगळ, कुणाशी बोलू नये असं वाटणं. कॉफी घेतल्यावर तासाभरात माणूस माणसात आला, तर ही हीच. याला कॅफिन तुटणं (इंग्रजीत विथड्रॉवल) म्हणतात आणि मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात २०१३ पासून त्याला निदान म्हणून रीतसर जागा आहे. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत लक्षणं सुरू होतात, एक-दोन दिवसांत जोर धरतात आणि दोन ते नऊ दिवस राहू शकतात. रोज फक्त १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यालाही हे होऊ शकतं. "मी तर एकच कप पितो" हा बचाव इथे चालत नाही.

तिसरी चिडचिड घड्याळ पाळत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सतत बारीक ठणक्यासारखी. ती कॅफिनची थेट नसते, कमी पडलेल्या झोपेची असते. आणि माझ्या मते मूळ दुखणं हेच आहे, कारण कॉफी वाढते तीच मुळी झोप कमी पडल्यामुळे. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या ग्राहींवर, म्हणजे मेंदूच्या पेशींवरच्या त्याच्यासाठीच्या जागांवर, जाऊन बसलं की पेंग येते. कॅफिन त्या जागा आधीच अडवून बसतं. अॅडेनोसिन मात्र संपत नाही, बाहेर साठतच राहतं, म्हणून कॅफिन उतरलं की दुपारी एकदम गळाल्यासारखं होतं. कॅफिन तुम्हाला जागं ठेवेल, सावधही ठेवेल, पण दुसऱ्याचं बोलणं शांतपणे ऐकून घेण्याचा जो संयम झोपेतून येतो तो कुठल्याही कपात नाही.

"मला तर रात्री कॉफी पिऊनही झोप लागते," असं अभिमानाने सांगणारे बरेच असतात. लागत असेलही. प्रश्न लागण्याचा नाही, खोलीचा आहे. कॅफिनमुळे गाढ झोपेचा वाटा घटतो, मध्ये जाग येण्याचं प्रमाण वाढतं, आणि यातलं बरंचसं झोपलेल्या माणसाला कळत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तर उपकरणाने मोजलेली झोप तासाभराहून जास्त घटली होती. त्या लोकांच्या स्वतःच्या नोंदीत हा तोटा तितका ठळक उमटलाच नव्हता. तेव्हा या बाबतीत "मला तर काही होत नाही" या साक्षीला मी फारसं वजन देत नाही.

आता जरा आकडेमोड, कारण सगळं तिथेच अडतं. कॅफिनचं अर्धं आयुष्य सरासरी पाच तास असतं, म्हणजे पाच तासांनी निम्मं उरतं. सकाळी ७, सकाळी ११ आणि संध्याकाळी ५ असे तीन मग, प्रत्येकी १५० मिलिग्रॅमचे, असं धरू. रात्री ११ वाजता अंगात काय उरलं? सातच्या मगाचे साधारण १६, अकराच्या मगाचे २८, पाचच्या मगाचे ६५. एकूण जवळजवळ ११० मिलिग्रॅम. म्हणजे अंथरुणावर पडताना छोटा कप पिऊन पडल्यासारखंच. पाचचा मग काढला तर उरतात ४५ च्या आसपास. फरक मोठा आहे.

पण पाच तास हे सरासरीचं गणित. माणसागणिक हा आकडा दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत बदलतो. समजा तुमचा आठ तासांचा आहे. मग त्याच तीन मगांचे रात्री ११ ला १८० उरतात, आणि पाचचा मग काढून टाकला तरी ९० राहतात. म्हणूनच "दुपारनंतर घेत नाही, तरी झोप येत नाही" म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला सकाळचे दोनही मग लहान करावे लागतात.

हा आकडा ठरतो यकृतातल्या एका एन्झाइमवर, आणि त्याच्यावर बऱ्याच गोष्टींचा परिणाम होतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅफिन उतरायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा वेळ १५ तासांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तेव्हाची मर्यादाही दिवसाला २०० मिलिग्रॅम. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आणि फ्लुवॉक्सामिन हे नैराश्यावरचं औषध दोन्ही कॅफिन नीट मोडू देत नाहीत. सिगरेटचं उलटं, तिच्यामुळे कॅफिन लवकर मोडतं. त्यामुळे सिगरेट सोडलेला माणूस पूर्वीइतकीच कॉफी पीत राहिला तर त्याच्या रक्तातलं कॅफिन आपोआप चढतं, आणि झोप उडाल्याचं, चिडचिडीचं सगळं खापर निकोटिनवर फुटतं. सिगरेट सोडताय? त्याच आठवड्यात कॉफी निम्म्याच्या आसपास आणा.

कप मोजू नका, ग्रॅम मोजा. कप हे माप नव्हेच. कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिका दाण्यात साधारण १.२ टक्के कॅफिन असतं, रोबस्टात त्याच्या दुपटीजवळ, २.२ टक्क्यांच्या आसपास. १५ ग्रॅम अरेबिका पूडीत १८० मिलिग्रॅम, त्यातलं बहुतेक पाण्यात उतरतं, म्हणजे मगात दीडशेच्या आगेमागे. तेवढीच रोबस्टा घेतली तर पूडीत ३३० मिलिग्रॅम, आणि एकाच मगात २०० ची रेषा ओलांडली. पाकीट बदललं, चव थोडी कडवट लागली आणि आठवडाभरात घरात भांडणं वाढली, याचं कारण कधीकधी इतकं साधं असतं. चिकोरी मिसळलेल्या पूडीत चिकोरीच्या वाट्याला कॅफिन शून्य, म्हणून तिच्यावरून शुद्ध कॉफीवर जाताना ग्रॅम कमी करा. इन्स्टंटच्या सपाट चमच्यात, म्हणजे सुमारे २ ग्रॅममध्ये, साधारण ६० मिलिग्रॅम. एस्प्रेसोच्या एका शॉटमध्येही तेवढंच. कोल्ड ब्रू, म्हणजे थंड पाण्यात तासन्‌तास भिजवून केलेली कॉफी, चवीला मऊ लागते म्हणून ती सौम्य समजू नका, पाण्याच्या मानाने पूड जास्त घातलेली असते. आणि भाजणीचा रंग गडद म्हणजे कॅफिन जास्त, हा निव्वळ गैरसमज.

मग दुसऱ्या आणि तिसऱ्या चिडचिडीवर करायचं काय, आणि कोणत्या क्रमाने? इथेच लोक चुकतात. जोशात येऊन एकाच दिवशी संध्याकाळचा कप बंद, सकाळचा अर्धा, रात्री लवकर झोपायचा संकल्प. तीन दिवसांत सगळं बारगळतं.

आधी फक्त शेवटच्या कपाची वेळ मागे आणा, एकूण ग्रॅम तेच ठेवून. पाचचा कप तीनवर, तीन-चार दिवसांनी दीडवर. झोपायच्या आधी निदान नऊ तास रिकामे राहतील हे बघा. यातला एक त्रास आधीच सांगून ठेवतो: शेवटचा कप दीडला घेतला की दुसऱ्या सकाळपर्यंतचं अंतर १४ वरून १७-१८ तासांवर जातं, त्यामुळे पहिले चार-पाच दिवस सकाळची चिडचिड उलट वाढते. म्हणजे उपाय फसला असं नव्हे, ही दुसऱ्या प्रकारची चिडचिड आहे. सकाळचा कप ठरल्या वेळी घ्या, त्यात काटकसर करू नका. उठल्यावर दीड तास कॉफीला हात लावू नका, असा एक सल्ला सध्या फार फिरतोय. त्याला भक्कम आधार नाही, आणि या आठवड्यात तर तो हमखास भांडण लावेल.

झोप स्थिरावली, मध्ये जाग येणं कमी झालं, की मग एकूण प्रमाण उतरवा. दिवसाला ४५ ग्रॅम पूड वापरत असाल तर दर तीन-चार दिवसांनी ५ ग्रॅम कमी करा. डोकं ठणकलं तर मागे जाऊ नका, फक्त पुढचं पाऊल दोन दिवस लांबवा. चव सोडवत नसेल तर तेवढेच ग्रॅम डिकॅफचे, म्हणजे कॅफिन काढलेल्या कॉफीचे, मिसळा. डिकॅफमध्येही थोडं कॅफिन असतं, कपाला साधारण २ ते १५ मिलिग्रॅम, पण ते संध्याकाळी बहुतेकांना झेपतं. सगळ्यांनी शून्यावर यायलाच हवं असं मी मुळीच म्हणत नाही. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास, दुपारच्या आत, ही बहुसंख्य लोकांसाठी चांगली जागा आहे.

या काळात डोकेदुखीची गोळी घेताना वेष्टन वाचा. काही वेदनाशामकांत गोळीमागे ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. कॉफी तोडायची आणि कॅफिन गोळीतून घ्यायचं, तेही रात्री ९ ला, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त चालतो. चहा, कोला, एनर्जी ड्रिंक हेही त्याच हिशेबात धरा. २५० मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकमध्ये ८० मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

दुपारची पेंग तर येणारच. कपाऐवजी २० मिनिटांची डुलकी घ्या, गजर लावून, तीनच्या आत. जास्त झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं आणि रात्रीची झोप पातळ होते. सकाळी उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. रात्री झोप लवकर लागावी म्हणून दारू हा उपाय तर नकोच, ती झोप लावते आणि उत्तररात्री मोडते, मग सकाळी परत कॉफी.

काही जणांनी हे सगळं स्वतःच्या मनाने करू नये. लिथियम हे मनोविकारावरचं औषध चालू असेल तर कॉफी एकदम कमी केल्याने रक्तातलं लिथियम वाढतं, आधी डॉक्टरांशी बोला. थायरॉइडची गोळी कॉफीसोबत घेतली तर नीट शोषली जात नाही, मध्ये निदान अर्धा-एक तास जाऊ द्या. पॅनिक अटॅक येत असतील तर ४०० ची मर्यादा तुमच्यासाठी नाही, बऱ्याच कमी प्रमाणातही ते उसळतात. आणि झोप कमी होऊनही थकवा नाही, उलट अंगात वारं भरल्यासारखं, खर्च आणि बोलणं सुटलेलं, असं असेल तर कॉफीच्या ग्रॅममध्ये अडकून राहू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

वेळ मागे आणून, प्रमाण निम्मं करून तीन-चार आठवडे झाले आणि तरीही दिवसभर पेंग, चिडचिड तशीच असेल तर दोषी कॉफी नाही. घोरणं, झोपेत श्वास अडकणं याबद्दल शेजारी झोपणाऱ्याला विचारा, सकाळी तोंड कोरडं पडतं का ते स्वतः बघा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि जाताना तो चार-पाच दिवसांचा कागद डॉक्टरांकडे घेऊन जा.