दोन क्लिकचा हँडब्रेक आणि बाकीच्या थापा

"ब्रेक अपग्रेडची पाच गुपितं, जी गॅरेजवाले कधीच सांगत नाहीत" असं एक फॉरवर्ड सध्या फिरतंय. फिरेना का, म्हणून मी सोडून देणार होतो. पण माझ्या भाच्याने ते वाचून स्वतःच हँडब्रेकचा नट आवळला आणि वर फोन करून विचारलं, "मामा, मागून जळका वास येतोय, सुरुवातीला येतोच ना?" आता लिहिणं आलं.

त्यातली पाच गुपितं अशी: मोठी, भोकांची डिस्क टाका, गाडी निम्म्या अंतरात थांबेल. मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवा. ब्रेक ऑइल डॉट 5 घाला. हँडब्रेक दोन क्लिकमध्ये घट्ट झालाच पाहिजे, नसेल तर केबलचा नट आवळा, दहा मिनिटांचं काम. आणि पावसाळ्यात हँडब्रेक लावूच नका.

हँडब्रेकपासूनच सुरू करतो, कारण बाकीच्यात बहुतेक पैसेच जातात, यात गाडी जाऊ शकते.

मागे ड्रम असलेल्या गाडीत लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) झिजले की लायनर आणि ड्रममधली फट वाढते, म्हणून हँडब्रेक जास्त वर ओढावा लागतो. म्हणजे दुखणं ड्रममध्ये आहे आणि हे महाशय इलाज दोन सीटच्या मधे करायला सांगतात. आधी ड्रम उघडून लायनर बघायचे, आतल्या ॲडजस्टरने फट नीट करायची आणि मग उरलीच तर केबलची ढील काढायची. हा क्रम उलटा केला, तर ड्रममधला हँडब्रेकचा लिव्हर मूळ जागी परतच येत नाही. आपोआप फट भरून काढणारा ॲडजस्टर त्यामुळे नीट चालत नाही आणि लायनर सतत घासत राहतात. भाच्याला आलेला वास तो हाच.

आता हीच गाडी आंबा घाटात उतरवा. ड्रम आधीच तापलेला, त्यात पायाचा ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 3 नवं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच 140 वर येतो. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल खाली जातं. "दहा मिनिटांचं काम" म्हणणारा तेव्हा बाजूच्या सीटवर नसतो.

दोन क्लिकचा आकडा कुठून आला, देव जाणे. डॅशबोर्डच्या खणात पडलेलं मॅन्युअल उघडा. सुझुकीच्या छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारण 20 किलोच्या ओढीला 4 ते 9 दात, म्हणजे तेवढे क्लिक, अशी मर्यादा दिसते. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, तो पाळा. काम झाल्यावर पुढच्या चाकांना दगड लावून मागची चाकं जॅक-स्टँडवर घ्या, हँडब्रेक पूर्ण खाली सोडा आणि चाक हाताने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. मग लिव्हर ओढून दोन्ही चाकं सारखीच धरतात का ते बघा.

मोठ्या डिस्कचं म्हणाल, तर गाडी शेवटी टायर थांबवतो. कोरड्या, चांगल्या डांबरावर 60 च्या वेगातून पूर्ण ब्रेक लागल्यावर अंदाजे 18 मीटर लागतात. ते 9 वर आणायचे तर टायरची पकड दुप्पट हवी. तुमचे आत्ताचे ब्रेक एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू होईपर्यंत दाबता येत असतील, तर मोठी डिस्क एका ब्रेकमध्ये तुम्हाला काही देत नाही. हां, लांब उतारावर ती उष्णता जास्त झेलते, एवढं कबूल. भोकं मात्र रस्त्यावरच्या गाडीत मुख्यतः शोभेची, आणि तडा जायला तिथूनच सुरुवात होते.

मागे डिस्क बसवताना पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडला आणि मागची चाकं आधी लॉक झाली, तर गाडी गरकन फिरते. शिवाय हँडब्रेकची सोय असलेला कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) लागतो. त्यातले बरेचसे पिस्टन पॅड बदलताना फिरवत आत घालावे लागतात. क्लॅम्पने दाबलात तर आतली यंत्रणा मोडते.

डॉट 5 सिलिकॉनचं असतं. डॉट 3 किंवा 4 मध्ये ते मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालू नये. डॉट 5.1 वेगळं. फॉरवर्डवाल्याला दोन्ही एकच वाटतात.

पावसाळ्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मानतो. कोकणात गाडी आठवडाभर ओली उभी राहिली, तर लायनर गंजून ड्रमला चिकटतात. तेव्हा सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकाला ठोकळा लावला तरी चालतं. चढ-उतारावर मात्र हँडब्रेक हवाच, वर गिअर, आणि पुढची चाकं अशी वळवून ठेवायची की गाडी सुटलीच तर कडेच्या कठड्याला टेकेल. नुसत्या गिअरवर गाडीला इंजिनच्या कॉम्प्रेशनचाच आधार असतो, आणि इंजिन जुनं असेल तर तो आधार हळूहळू सुटतो.