खुलासा : ‘हल्ला झाला, म्हणजे गुप्तचरांना पत्ताच नव्हता’ हे खरे नाही

‘अचानक हल्ला झाला की समजावे, गुप्तचर यंत्रणा झोपली होती’ असा संदेश फिरतो आहे. त्यात उदाहरण दिले आहे २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर केलेल्या हल्ल्याचे. नेमके हेच उदाहरण त्या दाव्याच्या विरोधात जाते.

स्टालिनपुढे इशाऱ्यांचा ढीग होता. टोकियोहून सोव्हिएत हेर रिचर्ड झोर्गे कळवत होता, एप्रिलमध्ये चर्चिलनेही सावध केले होते. १७ जूनला जर्मन हवाईदलातल्या हेराची खबर आली, तेव्हा स्टालिनने त्या अहवालावरच शिवी खरडली. (ती इथे छापण्याजोगी नाही.) खबर होती, ऐकणारा नव्हता.

पण म्हणून दरवेळी नेत्यालाच धरावे, असेही नाही. १९७३ मध्ये इजिप्त इतक्यात युद्ध करणार नाही, हे इस्रायलचे लष्करी गुप्तचर खातेच ठामपणे सांगत होते; आणि हल्ला झालाच. पुढे या चुकीची चौकशी करणाऱ्या अग्रानात आयोगाने त्या खात्याच्या प्रमुखांना हटवायला सांगितले, पंतप्रधान गोल्डा मेयर यांना नाही.

आणि अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्याआधी, ६ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांना दिलेला गुप्तचर अहवाल? त्यात बिन लादेनचा धोका होता. तारीख आणि ठिकाण नव्हते.