चार इंची कटकट

"कितें जाय?" दुकानदार विचारतो आणि आपण भोळेपणाने "ग्राइंडर" म्हणतो. हवं असतं ते लोखंड कापायचं-घासायचं, हातात धरायचं अँगल ग्राइंडर. लगेच तोंडी परीक्षा सुरू होते. "एजी फोर का एजी सेव्हन? स्विच सरकता का दाबायचा? कार्बन बाहेरून का आतून?" शेजारी मिक्सरचं भांडं बदलायला आलेल्या वहिनीसुद्धा आपल्याकडे दयेने बघू लागतात. त्यांच्याही मशीनला ग्राइंडरच म्हणतात, पण त्यांना कुणी उलटतपासणीला उभं करत नाही.

माझं मत विचाराल तर छोट्या वर्कशॉपला एजी फोर, म्हणजे चार इंची, १०० मिलिमीटर चकतीचं अँगल ग्राइंडर घ्यावं. खिडकीची ग्रिल, चौकोनी पाइप, अँगल, १२ मिलिमीटरची सळी, सगळं यावर होतं. वजन पावणेदोन किलोच्या आसपास, म्हणून शिडीवर उभं राहूनही हातात पेलतं. सात इंची मशीन दिसायला रुबाबदार, पण २,२०० वॅटचं असेल तर साडेनऊ अँपिअर ओढतं. ते ६ अँपिअरच्या पॉइंटला लावलं की आधी प्लग कापला जातो, लोखंड नंतर. त्याला १६ अँपिअरचाच पॉइंट लागतो. मधलं पाच इंची चांगलं, कापही थोडा खोल जातो, पण त्याच्या चकतीचं भोक २२.२३ मिलिमीटरचं. चार इंचीचं १६, आणि ही चकती गावातल्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते. रविवारी दुपारी चकती संपते तेव्हा हा मुद्दा कळतो.

काही वीर चार इंचीचं गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढून मोठी चकती बसवतात. त्यांच्यासाठी थोडं गणित. चार इंची मशीन मिनिटाला ११,००० फेरे घेतं, म्हणजे चकतीची कड ताशी साधारण २०७ किलोमीटरने धावते. सात इंची चकतीवर कमाल ८,५०० फेरे छापलेले असतात. ती ११,००० वर फिरवली की कड ताशी ३७० च्या पुढे जाते. मग ती फुटू शकते आणि तुकडे समोर कोण उभं आहे ते विचारत बसत नाहीत.

खोक्यावरच्या वॅटला भुलू नये. ८५० वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं तो आकडा. चकतीपर्यंत त्यातलं पोचतं कमीच, उरलेलं उष्णता होऊन आपल्या तळव्याला शेक देतं. मला विचाराल तर ६५०-७०० वॅटचं, नीट वाइंडिंगचं, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळीचं, मशीन बरं. किंमत शेवग्याच्या शेंगांच्या जुडीसारखी उतरत चालली आणि वॅट मात्र हजारावर चढले, तर खोक्यावर फक्त शाई महाग आहे असं समजावं.

आता दुकानातली खरी तपासणी. चकती न लावता स्पिंडल, म्हणजे चकती बसते तो दांडा, दोन बोटांत धरून वर-खाली आणि बाजूला हलवायचा. खटखट जाणवली तर बेअरिंग किंवा गिअर सैल आहे, मशीन परत खोक्यात. हाताने फिरवताना एकसारखं जड लागलं तर चालेल, कुठेतरी अडकून सुटत असेल तर नाही. मग मिनिटभर रिकामं चालवून मागच्या जाळीतून आत बघायचं. कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, त्यांच्यापाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणारच. पण कम्युटेटरभोवती, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याभोवती, ठिणग्यांची पूर्ण माळच दिसली तर चवथीची रोषणाई समजून खूश होऊ नये. वाइंडिंगमध्ये गडबड आहे. दुकानदार तोवर घड्याळ बघतो. त्याला बघू द्यावं.

यानंतरचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही: "याचे कार्बन, स्विच आणि आर्मेचर आत्ता दुकानात आहेत का?" आर्मेचर म्हणजे मोटरचा फिरणारा, वाइंडिंगचा भाग. आणि आत्ता, म्हणजे काउंटरवर काढून दाखवा. "मागवून देतो" हे उत्तर गोव्यात पावसाइतकंच लांबतं. कार्बन झिजणारच, ते झिजण्यासाठीच असतात. पाच-सहा मिलिमीटर उरले की बदलावेत, नाहीतर ते कम्युटेटर खरवडतात आणि काही रुपयांच्या जोडीपायी आर्मेचरचं बिल येतं. बाहेरून झाकणी फिरवून कार्बन निघत असतील तर दोन मिनिटांचं काम. अख्खं अंग उघडावं लागत असेल तर एक स्क्रू नक्की उरतो.

मशीन निवडलं तरी चकतीची कटकट राहतेच. कापायला १ किंवा १.२ मिलिमीटरची पातळ, घासायला ६ मिलिमीटरची जाड. पातळ चकतीने आडवं घासू नये, ती कडेचा दाब सोसत नाही. शिवाय या चकत्या राळेने बांधलेल्या, आणि आपल्याकडचा जून-जुलै म्हणजे कपाटातल्या चामडी चपलेलाही बुरशी आणणारा. ओल खाल्लेली चकती कमजोर होते. मधल्या धातूच्या कडीवर मुदतीचा महिना-वर्ष ठोकलेला असतो, तो वाचावा. ठेवायला घट्ट झाकणाचा बिस्किटांचा डबा उत्तम. घरचे विचारतील तेव्हा रिकामा होता असं सांगावं.

चिरे कापायचे असतील तर वेगळी डायमंड चकती. ती लाल धूळ मशीनच्या पोटात जाते आणि खाऱ्या दमट हवेत तिथेच बसते. काम संपलं की मशीन मिनिटभर रिकामं फिरवून जाळीतून हवा मारावी. वर्कशॉपच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, असावाच.

राहिला स्विच. सरकता स्विच एकदा पुढे ढकलला की अडकून राहतो, बोटं दुखत नाहीत, म्हणून सगळे तोच मागतात. पण स्वस्त मशीनला वीज परत आल्यावर थांबून राहायची अक्कल नसते. पट्टी कापताना वीज जाते, आपण "गेली परत!" म्हणत मशीन बाकावर ठेवतो आणि चहाला जातो. दहा मिनिटांनी पंखा फिरतो, शेजारच्या घरात टीव्ही बोलू लागतो, आणि आपलं मशीन एकटंच बाकावरून चालत निघतं. म्हणून माझं मत पॅडलला, म्हणजे दाबून धरायच्या स्विचला. हात सुटला की थांबतं. बोटं दुखतात, पण मोजायला दहाच्या दहा असतात.