दुबईला जायचंय म्हणून दूध तोडायचं?

परवा रात्री मामेबहिणीचा कणकवलीहून फोन आला. दिवाळीत घरचे सगळे दुबईला निघालेत, बाळ तेव्हा पाच महिन्यांचं असेल, आणि घरात ठरलंय की त्याच्या आत बाटलीची सवय लावायची, अंगावरचं बंद करायचं, कारण "तिकडे फिरताना कुठे पाजत बसणार?" तिला कोणी विचारलेलंच नाही. म्हणजे बाळ तिचं, दूध तिचं आणि मीटिंग बाकीच्यांची. रडकुंडीला आली होती बिचारी. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी साधा हिशोब. बाटली चालू केली की तिच्यामागे वरात निघते, चार बाटल्या, ब्रश, पावडरचा डबा, थर्मास, आणि हॉटेलच्या किटलीत आपल्या आधी कोणी काय उकळलंय देव जाणे. पावडर कालवायला पाणी किमान 70 अंश गरम हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मग ते निववा, तोवर पोर आभाळ डोक्यावर घेणार. अंगावरचं उकळायचं नाही, निववायचं नाही, बॅगेचं वजन वाढत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणीसुद्धा लागत नाही, अगदी उन्हाळ्यातही. तीच संघटना सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे दोन वर्षं किंवा जास्तही पाजा म्हणते, मध्ये ट्रिप आली तर थांबवा असं कुठे म्हटलेलं नाही. (ज्यांचं बाळ बाटलीवर आहे त्यांना काही बोलत नाहीये हां, ज्याची त्याची कारणं असतात. चालू असलेलं दूध फिरायला जायचं म्हणून तोडणं, एवढ्याबद्दलच बोलतेय.)

आता माझी फजिती. चिरंजीव साडेपाच महिन्यांचे असताना आम्ही टूरबरोबर सिंगापूरला गेलो. कुडाळहून कोकणकन्या, मग मुंबई, मग साडेपाच तासांचं विमान. ट्रेनमध्ये लोअर बर्थवर भिंतीकडे तोंड करून आडवी पडून पाजलं, काही प्रॉब्लेम नाही, निम्मा डबा घोरत होता. विमानात मात्र शहाणपणा केला, वर जातानाच पोटभर पाजून टाकलं, तो झोपला, मी खूश. खाली यायला लागलो तसे कान दाबले जाऊन असा किंचाळला की पुढच्या सहा रांगा वळून बघायला लागल्या, आणि पोट भरलेलं म्हणून तोंडच लावेना. बाळ गिळतं तेव्हा कानाची नळी उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो, म्हणून खरं पाजायचं ते उतरताना, आणि उतरणं चाकं टेकायच्या अर्धा तास तरी आधी सुरू होतं. तेवढी भूक शिल्लक ठेवायची. हे मला आधी कोणी सांगितलं नाही, तुम्हाला सांगतेय.

सिंगापुरात सोय उत्तम. चांगी एअरपोर्टवर बाळांसाठी खोल्या आहेत, गरम पाणी, लंगोट बदलायला टेबल, पाजायला आडोसा, सगळं. पण मी त्या ट्रिपमध्ये आजारी पडले ती सोय नव्हती म्हणून नाही, आमच्याच बसमधल्या मराठी माणसांमुळे. पहिल्या दिवशी एका बागेत बाकावर ओढणी घेऊन पाजायला बसले तर ग्रुपमधल्या एक काकू हळूच येऊन म्हणाल्या, "अगं रूमवर गेल्यावर दे ना, सगळे आहेत." सगळे म्हणजे कोण? सिंगापूरची माणसं आपापल्या मोबाईलात डोकं घालून चाललेली. दुसऱ्या दिवशी एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बाळ रडायला लागलं तर त्याच काकू, "इथे खाणंपिणं बंद आहे, पाचशे डॉलर दंड!" तो दंड चॉकलेट-कोल्ड्रिंक खाणाऱ्यापिणाऱ्यांसाठी आहे हे मला कळत होतं, तरी मी मुकाट्याने त्याला खुळखुळा वाजवून दाखवत बसले. स्वतःचाच राग येतो आता.

असं दोन दिवस पाजणं पुढे ढकललं, घाईघाईत अर्धवट पाजलं, आणि तिसऱ्या दिवशी डावी बाजू दगडासारखी. दूध साचलं की दाटतं, गाठी होतात, मग ताप भरतो. बाकीचे सेंटोसा बेटावर फिरायला गेले, मी रूमवर कुडकुडत, नवरा टॉवेल भिजवून देतोय. आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्यांनी पहिलं वाक्य हेच बोललं, "पाजायचं थांबवू नकोस." म्हणजे ज्यासाठी लाजत होते तोच उपाय. दुसऱ्या रात्री ताप उतरला, सेंटोसा राहिलं ते राहिलंच.

घरी येऊन आजेसासूबाईंना हे सांगितलं. पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत, सगळं आयुष्य मालवणात गेलं. त्या म्हणाल्या, "पोराक भूक लागली तर पाजूक होया. बघतत त्येंका लाज होयी, तुका कित्याक?" आणि खरंच आहे. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढून झाली की मासळीचे वाटे लावून बसलेल्या बायका मी लहानपणापासून बघतेय, पोर पदराखाली, एका हाताने माश्या हाकलतायत आणि तोंडाने गिऱ्हाईकाशी भाव चाललाय. भातलावणीच्या दिवसांत बांधावर बसून पाजणाऱ्या बघितल्यात. त्यांना कोणी "रूमवर जा" म्हणत नव्हतं, रूम होती कुठे? ही लाज आपण ब्लॉकमध्ये राहायला गेल्यावर शिकलो आणि पासपोर्टबरोबर बॅगेत भरून परदेशी नेतोय. (अजून एक, साडीचा पदर हे जगातलं सगळ्यात भारी फीडिंग कव्हर आहे. मी ऑनलाइन मागवलेल्या तंबूत पोराला घाम फुटायचा आणि तो दोन लाथांत तंबू उडवायचा. त्यापेक्षा पुढे चेन असलेला ड्रेस आणि सुती ओढणी बरी.)

दुसरी ट्रिप ग्लासगोला नणंदेकडे, जून महिन्यात, तेव्हा साहेब चौदा महिन्यांचे आणि दात आलेले. रात्री अडीचला टक्क जागे, कारण मालवणात तेव्हा सात वाजलेले. अशा वेळी अंगावरचं किती कामाला येतं ते त्या अडीचला उठलेल्या बाईलाच विचारा. तिकडे दोन वर्षांच्या आतल्या बाळाला सार्वजनिक ठिकाणी दूध पाजण्यापासून अडवलं तर तो गुन्हा आहे, स्कॉटलंडमध्ये 2005 पासून कायदाच आहे. नणंदेने हे सांगितलं आणि मला उगाचच बरं वाटलं, पोलिसांना बोलवायचा काही बेत नव्हता, पण बसमध्ये ओढणी शोधायची घाई गेली.

एडिंबराच्या किल्ल्यात तटाजवळ बसून निवांत पाजत होते आणि एकदम तोफ उडाली. तिथे रविवार सोडून रोज दुपारी एक वाजता तोफ उडवतात, 1861 पासून चालू आहे, आणि कोणाच्याही डोक्यात नव्हतं. चिरंजीव दचकले आणि कचकन चावले. मी जे ओरडले ते शुद्ध मालवणीत होतं, लिहिता येणार नाही. सासूबाई हसून हसून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "किल्ल्यावरची हिरकणी गो तू!"

हिरकणीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेली. गडाचा नियम गडाच्या रक्षणासाठी होता, तो समजतो. पण आम्ही ग्लासगोहून परत आल्यावर एका एसटी स्टँडवर हिरकणी कक्षाला, म्हणजे तिच्याच नावाच्या बाळाला पाजायच्या खोलीला, कुलूप, चावी ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले. कोणता शत्रू चाल करून येणार होता त्या खोलीवर? बाहेरच्या बाकावर बसूनच पाजलं. शेजारी मासळीची टोपली घेऊन बसलेल्या मावशी जराशा सरकल्या आणि "सौंदाळे होये?" विचारून मोकळ्या झाल्या.

तर मामेबहिणीला एवढंच सांगितलंय की बाटलीचा सेट परत कर. दुबईत ओढणी जवळ ठेव, तिथली पद्धत आहे, मेट्रोत बायकामुलांसाठी वेगळा डबा असतो तिथे बस, मॉलमध्ये बाळांच्या खोल्या असतात. आणि कोणी "रूमवर" म्हणालं तर त्यांनाच रूमवर पाठव.

मामी, तू हे वाचणारच आहेस म्हणून लिहिते, तिच्यासोबत डिंकाचे लाडू देणार असशील तर खसखस घालू नको. सिंगापूरला न्यायला बंदी आहे हे आम्हाला निघायच्या आदल्या रात्री कळलं आणि अख्खा डबा सासऱ्यांनी संपवला. दुबईतही बंदी आहे. त्यापेक्षा अळिवाचे कर, आणि दोन माझ्यासाठी बाजूला ठेव.