निस्गा जमिनीबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

‘कॅनडातले निस्गा आदिवासी एक डॉलरही कर भरत नाहीत, आणि त्यांच्या प्रमुखाने सगळी जमीन विकायला काढली आहे’ असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

निस्गांचा कॅनडा सरकारशी झालेला, 11 मे 2000 रोजी लागू झालेला निस्गा करार कुणालाही वाचता येतो. मूळ करारातलं कराचं प्रकरण उघडून पाहा: विक्रीकरातली सूट आठ वर्षांनी, प्राप्तिकरातली बारा वर्षांनी संपेल, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्याप्रमाणे 2013 पासून ते प्राप्तिकर भरू लागले.

जमीन सुमारे 2,000 चौरस किलोमीटर, मालकी निस्गा राष्ट्राची. 2009 मध्ये त्यांच्याच विधिमंडळाने कायदा केला, तो फक्त गावांतल्या घरांच्या जागेपुरता, तीही जेमतेम अर्ध्या एकराची. ज्या निस्गाला हवी त्याने ती नावावर करून घ्यावी, तारण ठेवून कर्ज काढावं, हा हेतू. उद्या ती बाहेरच्याने घेतली तरी तिथे कायदा निस्गांचाच चालतो. आणि असे निर्णय एकटा प्रमुख घेत नाही. चार गावांतल्या आणि शहरांत राहणाऱ्या निस्गांनी निवडलेले प्रतिनिधी घेतात. 1887 पासून हक्कासाठी झगडलेल्या लोकांवर हा आरोप अन्यायाचा आहे.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.