लिहून ठेवलंय कुठेतरी

बेसिनखालचा पाइप रविवारी सकाळी ठिबकायला लागला, तेव्हा घरात शांत होतो तो फक्त मी. कारण प्लंबरचा नंबर माझ्याकडे होता. मागच्या खेपेला तो येऊन गेला तेव्हाच मी तो नंबर आठवणीने लिहून ठेवला होता.

"अहो, मग करा की फोन," बायको बादली सरकवत म्हणाली.

"करतो. लिहून ठेवलाय."

"कुठे?"

तिने अगदी सहज विचारलं. उत्तर द्यायला मला पावणेदोन तास लागले, आणि ते उत्तरही पुरतं बरोबर निघालं नाही.

याचं मूळ टॅबमध्ये आहे. तो घरात आला त्या दिवशी मी छोटंसं भाषण केलं होतं. पाकिटांच्या पाठीवरचे हिशोब, कॅलेंडरच्या कोपऱ्यात कोंबलेल्या तारखा, फ्रिजला चिकटवलेले पिवळे चिटोरे, सगळं बंद. यापुढे सगळं एका ठिकाणी. 'एका ठिकाणी' म्हणताना मी टॅबवर तळहात ठेवला होता, असं मुलगी अजून नक्कल करून दाखवते.

घोळ त्या दोन शब्दांतच होता. माझा टॅब म्हणजे आयपॅड. फोन अँड्रॉइड. ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा. आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मेहुण्याने लिनक्स टाकून दिलंय, "आता पळतो की नाही बघा" असं सांगून. (पळत नाही. पण पूर्वी झोपायचा, आता निदान उठून बसतो.) या चौघांना एका पंगतीला बसवेल असं ॲप मला हवं होतं. पेनाने टॅबवर लिहिलेलं फोनवर दिसावं, फोनवर टाइप केलेलं लॅपटॉपवर दिसावं, आणि शोधलं की सापडावं. बस, एवढंच.

शोधायला लागल्यावर कळलं, की नोट्सच्या ॲपांमध्ये दोन घराणी आहेत, एक शाईचं आणि एक अक्षरांचं. शाईवाल्यांत तुम्ही लिहिलेला 'क' हा त्यांच्या लेखी 'क' नसतोच. पेन कुठून कुठे गेलं, कुठे किती दाबलं, याच्या बिंदूंची ती माळ असते. अक्षरवाल्यांना फक्त टाइप केलेलं समजतं. शाईवाल्याला म्हटलं, की बाबा, दोन ओळी टाइप करायच्यात, तर तो पानावर एक खोकं काढून देतो आणि म्हणतो, बसा यात. अक्षरवाल्यावर पेन टेकवलं की तो शाळेतल्या चित्रकलेच्या तासासारखा वेगळा चौकोन उघडतो, आणि चित्र संपलं की पेन बाहेर. दोन्हीकडे सारख्याच मायेने वागणारं ॲप म्हणून लोक वननोटकडे बोट दाखवतात. ते २००३ पासून आहे, बहुतेक सगळीकडे चालतं. लिनक्सवर मात्र ब्राउझरमधून उघडावं लागतं. ॲपलचं स्वतःचं नोट्स टॅबवर लोण्यासारखं चालतं, पण कुटुंबाबाहेरच्यांशी त्याचं बोलणं वेबसाइटच्या खिडकीतून. गुडनोट्स आयपॅडवरच लहानाचं मोठं झालेलं. गुगल कीप २०१३ मध्ये आलं, सगळीकडे उघडतं; पण त्याचा पिंड चिठ्ठीचा. त्यात आत्मचरित्र लिहायला बसू नये.

एवढं वाचून शहाण्या माणसाने एक ॲप निवडलं असतं. मी सात उतरवून घेतली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

प्रत्येकाचं नाव सांगत नाही; त्यांचं आणि माझं जे झालं ते आमच्यातच राहू दे. एकात मी पहिले तीन दिवस वहीचं मुखपृष्ठ निवडण्यात घालवले. निळसर कापडी, की तपकिरी चामड्याचं? हे कापडही खोटं आणि चामडंही, हे ठाऊक असून मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून मत विचारलं होतं. पुढचे दोन दिवस निबच्या जाडीत गेले. शेवटी तपकिरी वहीत ०.५ मिलिमीटरच्या निबने, गडद निळ्या शाईत, मी पहिलं वाक्य लिहिलं: 'आजपासून सगळं इथेच लिहायचं.' वळणदार आलं होतं. त्यानंतर त्या वहीत काय लिहावं ते सुचेना.

दुसऱ्या ॲपला माझं पेन कोणतं आणि माझा तळहात कोणता हे कळत नसे. आता टॅबवर हात टेकूनच लिहिणार ना माणूस? मी वर यादी लिहायचो, आणि खाली हाताची कड आपली स्वतंत्र नोंद करत राहायची. तळहातावरच्या रेषा वाचणारे ऐकले होते. माझ्या तळहाताने काढलेल्या रेषा कोण वाचणार? तिसऱ्यात पान संपतच नसे. चहूबाजूंनी अमर्याद मोकळी जागा, विचारांना बंधन नको म्हणून. मी दोन बोटांनी पान लहान-मोठं करता करता कुठेतरी ऑफिसच्या मीटिंगचे मुद्दे लिहिले आणि ते हरवले. ॲपमध्ये आहेत, पानही तेच आहे, फक्त त्या अथांग पांढऱ्यात कोणत्या दिशेला आहेत ते कळत नाही. एकदा फार बाहेर आलो तेव्हा दूर ईशान्येला मुंगीएवढं काहीतरी दिसलं. तिथे पोहोचलो, तर ती आधीच्या महिन्यातली यादी निघाली.

चौथं ॲप आधी फुकट होतं, मग मासिक झालं. मासिक पैशांचं मला एवढं नाही. पण स्वतःचंच अक्षर पाहायला भाडं भरायचं म्हणजे जिवावर येतं. मी निघायचं ठरवलं आणि माझ्या नोंदी परत मागितल्या. त्याने २१४ पानांची एक पीडीएफ दिली. म्हणजे घर सोडताना सामान मागितलं, तर सामानाचे फोटो हातात दिले.

या टप्प्यावर मेहुणा आला. मेहुण्याला स्वतःच्या मेंदूवर भरवसा नाही. त्याने बाहेर नोंदींचा एक दुसरा बांधायला घेतलाय, आणि त्याचं बांधकाम गेली तीन वर्षं चालू आहे.

"भाऊजी, तुमचा वर्कफ्लो काय आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे एखादी गोष्ट सुचली, तर पुढे तिचं काय होतं?"

"विसरतो. मग आठवते. तोवर उशीर झालेला असतो."

त्याने टॅब माझ्या हातातून काढून घेतला, डॉक्टर पेशंटचा हात घेतात तसा. मग त्याने मला निक्लास लुमान सांगितले. हे जर्मन समाजशास्त्रज्ञ. आयुष्यभर कागदाच्या छोट्या चिठ्ठ्यांवर नोंदी करून, त्यांना क्रमांक देऊन, एकीतून दुसरीकडे बोट दाखवत लाकडी खणांत ठेवत गेले. सुमारे ९०,००० चिठ्ठ्या. आणि त्यांतून डझनावारी पुस्तकं. "आपल्याला तेच करायचंय," मेहुणा म्हणाला. माझ्याकडे तेव्हा एकूण अकरा नोंदी होत्या, आणि त्यांतल्या चार ॲप कोणतं घ्यावं याविषयीच होत्या. शिवाय लुमान १९९८ मध्ये वारले. त्यांच्या खणाने त्यांना कधी 'सिंक होऊ शकलं नाही, पुन्हा प्रयत्न करा' असं म्हटलेलं नाही.

"ॲपं मरतात भाऊजी, टेक्स्ट फाइल मरत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. त्यात तथ्य आहे, हे त्या २१४ पानांनंतर मी तरी नाकारणार नाही. त्याने माझ्या टॅबवर ऑब्सिडियन नावाचं ॲप टाकून दिलं. त्यात प्रत्येक नोंद म्हणजे तुमच्याच फोल्डरमधली साधी मार्कडाउन फाइल असते. मार्कडाउन ही जॉन ग्रुबरने २००४ मध्ये काढलेली युक्ती: मथळ्याआधी हॅशचं चिन्ह टाका, ठळक करायचं तर शब्दाला दोन्हीकडून तारे लावा. उद्या ॲप नसलं तरी फाइल कुठेही उघडते. पर्याय म्हणून जॉप्लिनही टाकलं; ते मुक्तस्रोत आहे आणि लिनक्सवरही नीट चालतं. मग त्याने मोठ्या उत्साहाने माझ्या नोंदींचा आलेख उघडला. एकमेकींना जोडलेल्या नोंदी त्यात ठिपके आणि रेषा होऊन दिसतात. त्याचा आलेख म्हणजे आकाशगंगा. माझ्याकडे अकरा ठिपके होते आणि रेषा एकही नव्हती. दोघंही थोडा वेळ बघत राहिलो. "येईल, येईल," तो म्हणाला.

ते फोल्डर चारही यंत्रांवर एकसारखं राहावं म्हणून मी एक फुकटची सोय लावली. आठवड्याभरात फोनवर आणि लॅपटॉपवर एकच यादी दोन्हीकडे बदलली गेली, आणि फोल्डरमध्ये 'यादी', 'यादी (विसंगत प्रत)' आणि 'यादी (विसंगत प्रत) (विसंगत प्रत)' अशा तीन पिढ्या एकत्र नांदू लागल्या. त्यांतली खरी कोणती हे मला आजही माहीत नाही. मी तिन्हींतून काही काही आणतो.

तर रविवार. बादली अर्धी भरली होती.

फोनवर 'प्लंबर' शोधलं. लगेच सापडलं! नोंद होती: 'प्लंबरचा नंबर टॅबवर लिहिला आहे.' टॅबवर गेलो. तिथल्या पहिल्या ॲपात: 'प्लंबर – नवीन ॲपमध्ये हलवलं.' नवीन म्हणजे कोणतं? त्या वेळी जे नवीन होतं ते. एकेक उघडत गेलो. सातही ॲपांत पहिली नोंद एकच होती, 'आजपासून सगळं इथेच लिहायचं.' फक्त तारखा वेगळ्या. एकात तर उद्गारचिन्हही होतं.

मग आठवलं, की नोंदीचं नाव 'प्लंबर' नव्हतंच. त्या आठवड्यात मला शुद्ध मराठीचा झटका आला होता. मी लॅपटॉपवर 'नळ दुरुस्त करणाऱ्याचा' असं लिहिलं होतं. टॅबवर तसंच्या तसं शोधलं. निकाल शून्य. पुन्हा, अक्षर अक्षर लावून. शून्य. आणि नोंद तर समोर! यादीत वर सरकवताना मला ती डोळ्यांनी दिसत होती.

दोषी होता तो 'ऱ्या'. आपला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घ्या, त्याचा पाय मोडा, पुढे य. दुसरी वाट म्हणजे साधा र, त्याचा पाय मोडा, मग एक शून्य रुंदीचं, डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग य. पडद्यावर दोघे जुळे भाऊ. यंत्राच्या लेखी ओळखदेखही नाही. माझ्या लॅपटॉपचा कळफलक एका वाटेने जातो, टॅबचा दुसऱ्या. इंग्रजीत नोट्स काढणाऱ्याला या सुखाची कल्पना येणार नाही. (हेच वाक्य मी उद्या दुसऱ्या यंत्रावर लिहिलं, तर 'काढणाऱ्याला' मला पुन्हा सापडणार नाही.)

नोंद उघडली. आत एकच ओळ: 'हाताने लिहिलेल्या वहीत आहे.'

हाताने लिहिलेली वही म्हणजे ते चौथं ॲप. म्हणजे पीडीएफ. त्या ॲपला माझं हस्ताक्षर वाचता येतं, असा त्याचा दावा होता. पण मराठी त्याला येत नसावं, कारण 'नळ' या शब्दाचं त्याने इंग्रजी टी, दोन शून्यं आणि एक प्रश्नचिन्ह असं वाचन केलं होतं. ॲपलने १९९३ मध्ये न्यूटन नावाचं हातात मावणारं यंत्र काढलं, तेव्हा त्याच्या हस्ताक्षर वाचण्याची व्यंगचित्रांतून टिंगल झाली होती. त्या टिंगलीत मी सामील होणार नाही. माझं अक्षर मी पाहिलेलं आहे.

"मिळाला का हो?" आतून आवाज आला. बादली बदलल्याचाही आला.

"पान १४० पर्यंत आलोय."

पान १६३. वर वहीच्या मुखपृष्ठांची तुलना, खाली तळहाताने काढलेली एक रेघ, आणि मधे, चौकटीत, लाल शाईत, दोनदा अधोरेखित: प्लंबर. पुढे नंबर! मी ओरडलो. बायको आणि मुलगी दोघी धावत आल्या.

"हा एक आहे की नऊ?" मुलीने विचारलं.

"एक."

"आणि हा?"

"तोही... थांब. हा नऊ असेल."

देवनागरीतला १ आणि ९ यांच्यात एका वळणाचा फरक आहे, आणि घाईत लिहिताना ते वळण मी घेत नाही, असं दिसलं. संशयाच्या जागा तीन. मुलीने लगेच हिशोब मांडला: तीन जागी दोन-दोन पर्याय, म्हणजे आठ नंबर. त्यांतला एक प्लंबरचा.

"आठ तर आठ," मी म्हणालो, आणि सगळीकडे एक धरून पहिला फिरवला.

पलीकडे एक वयस्कर गृहस्थ. आवाज शांत, सौम्य. मी पाइपचं सांगायला लागलो, तसं त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मागेही तुमचाच फोन आला होता ना? बेसिनच्या पाइपचा? मी सांगितलं होतं, हा नंबर प्लंबरचा नाही. तुम्ही म्हणालात, चूक झाली, बरोबर नंबर लिहून ठेवतो."

"हो हो," मी म्हणालो, "लिहून ठेवलाय."

"कुठे?"