तर्री की तक्रार

नाशकात रविवारी सकाळी कुणाच्या घरी जाऊ नये. दाराला कुलूप असतं आणि घरमालक मिसळीला गेलेला असतो. आमचंही चौघांचं टोळकं आहे. मी, आमच्याच शाळेतले गणिताचे सर, पीटीचे सर आणि बँकेतून निवृत्त झालेले शेजारी. या शेजाऱ्यांना आम्ही मॅनेजर म्हणतो, कारण ते कधीच मॅनेजर झाले नाहीत. आमचं हॉटेल गेली अकरा वर्षं ठरलेलं आहे. नाव सांगत नाही, कारण पुढची सगळी कुचंबणा त्या नावापाशीच अडलेली आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा, मोड आलेली मटकी, वर शेव, बाजूला पापड आणि दह्याची वाटी. पहिल्या घासाला कान तापतात, दुसऱ्याला नाक वाहायला लागतं आणि तिसऱ्याला माणूस शेजारच्याला पार्किंगवरून झालेलं भांडणसुद्धा माफ करतो.

माझी जागा रस्त्याकडे तोंड करून बसायची. त्या रविवारी मॅनेजर आधी पोचले आणि तिथे बसले, म्हणून मला भटारखान्याकडे तोंड करून बसावं लागलं. तिथूनच सगळं सुरू झालं.

वाढणाऱ्या पोऱ्याच्या खांद्यावर एक फडकं होतं. त्याचा मूळ रंग कोणता असावा यावर आमच्यात अजून एकमत नाही. त्यानं त्या फडक्यानं आधी शेजारचं टेबल पुसलं. शेव आणि कांदा जमिनीवर, तर्री फडक्यात. मग एका लहान मुलानं बाकड्यावर सांडलेलं ताक टिपलं. मग कपाळ पुसलं, आणि लगे हाथ मानही. एवढ्यावर मी काही बोललो नसतो. अकरा वर्षांत इतपत मनाची तयारी झालेली असते. पण मग तो आत गेला, नळाखालून काढलेल्या ओल्या प्लेटा त्यानं त्याच फडक्यानं एकेक करून चकाचक केल्या, त्याचीच घडी करून चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि शेवटी, थंडीत आई लेकराला पांघरूण घालते तितक्या मायेनं, ते पावाच्या ट्रेवर पसरलं.

माझ्या तोंडात त्या वेळी पाव होता. थुंकायचा तर जागा नव्हती. म्हणजे टेबल होतं, पण त्यावरूनही ते फडकं फिरून गेलेलं होतं. गिळला.

मी हलक्या आवाजात बाकीच्यांना सांगितलं. गणिताचे सर म्हणाले, "रस्सा शंभर अंशाला उकळतोय सर, काही जिवंत राहत नाही." म्हटलं, "रस्सा उकळतोय हो, पाव कुठे उकळतोय?" पीटीचे सर म्हणाले, यानं प्रतिकारशक्ती वाढते, आणि ती वाढवण्यासाठी त्यांनी आणखी दोन पाव मागवले. मॅनेजरांचं म्हणणं असं की गिऱ्हाइकानं आत बघूच नये. "आमच्या बँकेत लोकांनी आत बघितलं असतं तर कुणी पैसे ठेवले असते का?"

तेवढ्यात मालक स्वतः तर्रीचं भांडं घेऊन आले. "सर, घालू?" आम्ही त्यांना भाऊ म्हणतो आणि ते मला सर म्हणतात, कारण त्यांची मुलगी माझ्या हाताखालून गेली. दहावीच्या निकालाच्या दिवशी या माणसानं आमच्या अख्ख्या शिक्षकखोलीला मिसळ खाऊ घातली होती, ताकासकट. त्यांच्या तोंडावर फडक्याचा विषय कसा काढायचा? मी म्हणालो, "घाला."

आता मी कोण, हे सांगायला हवं. मी नववी-दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. दर वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, परिपाठात पाच मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे असतं. 'आपण गप्प बसतो म्हणून त्यांचं फावतं' हे माझं ठरलेलं वाक्य. माईक नीट असेल तर मागच्या ओळीपर्यंत जातं.

रात्री झोप आली नाही. पोट बिघडलं असतं तर बरं झालं असतं, निदान पुरावा मिळाला असता. पण पोट ठणठणीत, त्यामुळे बेचैनी सगळी डोक्यात. उठून मोबाइल घेतला आणि कायदा वाचायला बसलो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा, अंमलात आला ५ ऑगस्ट २०११ला. कलम ५६ तर आमच्या हॉटेलाकडे बघूनच लिहिलंय: अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केलं तर एक लाख रुपयांपर्यंत दंड. दुसऱ्या दिवशी हे गणिताच्या सरांना सांगितलं तर त्यांनी उभ्या उभ्या भागाकार केला. एकशे दहा रुपयांच्या नऊशे नऊ मिसळी, बाकी दहा रुपये. "म्हणजे वर एक जादा पाव," ते म्हणाले.

तक्रार कुठे करायची तेही सापडलं. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५, शिवाय केंद्राचं फूड सेफ्टी कनेक्ट नावाचं ॲप. मी हॉटेलचा परवाना क्रमांक शोधायला लागलो. तो चौदा आकडी असतो आणि हॉटेलात दिसेल असा लावायचा असतो. आमच्या हॉटेलातही तो लावलेला आहे, फक्त त्याच्यावर कालनिर्णय आहे. १ जानेवारी २०२२पासून हा क्रमांक बिलावरही छापावा लागतो. आमच्याकडे बिल असं नसतंच. पोऱ्या लांबूनच ओरडतो, "चार मिसळ, दोन ताक, सहा जादा पाव," आणि गल्ल्यावर बसलेले भाऊ ते मनात बेरजून आकडा सांगतात. अकरा वर्षांत बेरीज एकदाही चुकली नाही. ओरडण्यावर क्रमांक छापण्याबद्दल कायदा काही बोलत नाही.

पुढे वाचत गेलो तसा धीर वाढण्याऐवजी खचत गेला. निरीक्षक येणार. म्हणजे अन्न सुरक्षा अधिकारी. ते नमुना घेणार आणि कलम ४७ प्रमाणे त्याचे चार भाग करणार. पण नमुना कशाचा? मिसळीचा घेतला तर ती प्रयोगशाळेत पहिल्या वर्गात पास होईल, आणि चारपैकी एखादा भाग पोचेपर्यंत वाटेत संपेल. दोष होता फडक्यात, आणि फडकं कायद्यानं अन्न नाही. त्या पावांची अवस्था बघता मात्र ही सीमारेषा बरीच पुसट झालेली होती. मग कलम ३२. लगेच दंड नाही, आधी सुधारणेची नोटीस, आणि सुधारायला किमान चौदा दिवस. तेवढे दिवस भाऊंनी हॉटेल बंद ठेवलं तर? चौदा दिवसांत दोन रविवार येतात. हे मी बोटांवर मोजलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

तरी मसुदा लिहिला. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की' इथपर्यंत झरझर आलं. तिथून पुढे प्रत्येक वाक्यात मी ओळखू येत होतो. 'मी गेली अकरा वर्षे दर रविवारी' लिहिलं की भाऊ म्हणणार, हे सरच. ते खोडलं आणि 'एका जागरूक नागरिकास असे दिसून आले की' लिहिलं, तर तेही सरच. 'जागरूक नागरिक' म्हणणारा त्या हॉटेलात दुसरा कोण येतो? पोऱ्याचंही डोक्यात येत होतं. दंड भाऊंना बसणार, पण नोकरी त्याची जाणार. त्याला कुणी दुसरं फडकं दिलंच नव्हतं. जे दिलं त्यातच त्यानं संसार केला.

हे सगळं मी बायकोला सांगितलं ती माझी चूक. ती ओटा आवरत होती. म्हणाली, "तुम्ही फडक्याची तक्रार करणार? तुम्ही?"

"का? काय झालं?"

तिनं फक्त ओट्याकडे हात केला. आमच्या घरात तीन फडकी आहेत. एक ओट्याचं, एक हात पुसायचं, एक भांड्यांचं. प्रत्येकाचा रंग वेगळा, खिळा वेगळा. ही व्यवस्था लग्नापासून चालू आहे आणि लग्नापासून मी ती मोडत आलो आहे. त्या क्षणी माझ्या हातात भांड्यांचं फडकं होतं आणि मी त्यानं चष्मा पुसत होतो. त्याआधी काय पुसलं होतं ते इथे सांगत नाही, ती हे वाचण्याचा संभव आहे.

"अगं, पण तिथे लोक पैसे देऊन खातात."

"आणि इथे फुकट खातात म्हणून चालतं का?"

गंमत अशी की मी त्याच रात्री या कायद्याच्या नियमांतलं चौथं परिशिष्ट वाचलं होतं. नखं कापलेली असावीत, कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, हे तर आहेच, पण फरशीचं फडकं टेबलाला आणि भांड्यांना लावू नये, असंही त्यात आहे. भारत सरकार २०११ साली ज्या निष्कर्षाला आलं त्याला बायको १९९८ सालीच आली होती. हे मी तिला बोललो नाही. घरात आधीच नोटिसा पुष्कळ आहेत.

शेवटी तिनंच निकाल दिला. "अहो, सरकारला पत्रं कसली लिहिता? अकरा वर्षांचं गिऱ्हाईक ना तुम्ही? तोंडानं सांगा. नाही ऐकलं तर करा फोन." इतकं सरळ उत्तर मला रात्रभर कायदा वाचून सापडलं नव्हतं, कारण त्यात बोलायचं मला होतं.

पुढच्या रविवारी मी वाक्य पाठ करून गेलो. 'भाऊ, एक सुचवू का?' एवढंच. पाव मागवला नाही, नुसताच रस्सा ओरपत बसलो. पीटीच्या सरांनी विचारलं, "उपास का?" भाऊ तर्री घेऊन आले. मी म्हणालो, "भाऊ, एक सुचवू का? ते फडकं..."

भाऊंनी भांडं खाली ठेवलं. आत हाक मारली, "ए, इकडे ये. सर काय सांगतात ते नीट ऐक." पोऱ्या आला आणि हात मागे बांधून समोर उभा राहिला.

इथे माझा घात झाला. माझ्यासमोर कुणी हात मागे बांधून उभं राहिलं की मी आपोआप शिकवायला लागतो. तेवीस वर्षांची सवय. मी उठून उभा राहिलो. टेबलाचं फडकं वेगळं का, भांड्यांचं वेगळं का, पावावर स्वच्छ कापडच का, हाताला लागलेलं कुठे कुठे जातं, सगळं मुद्देसूद सांगितलं. आवाज मागच्या ओळीपर्यंत जात होता. किती वेळ बोललो कळलं नाही. थांबलो तेव्हा हॉटेलात चमच्याचाही आवाज नव्हता. प्रत्येक जण आपापल्या हातातल्या पावाकडे बघत होता. कोपऱ्यातल्या कुटुंबातल्या बाईंनी मुलाच्या तोंडातला घास काढून घेतला. दोन टेबलं पाव तसेच टाकून उठली. मॅनेजर छताकडे बघत होते.

पैसे देताना भाऊ गल्ल्यावरून वाकून अगदी हळू म्हणाले, "सर, तुम्ही तक्रार केली असती तर बरं झालं असतं. चार माणसांत नसती झाली. कागद आला असता, मी कपाटात ठेवला असता."

आठवडाभर मी तोंड लपवून होतो. हॉटेलवरून जायचं झालं तर रस्त्याच्या पलीकडून जायचो. टोळक्यानं मला न विचारता दुसरीकडे जाऊन बघितलं. ती मिसळ गोड होती, असं पीटीचे सर म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज कातर झाला होता. त्यामुळे त्यापुढच्या रविवारी आम्ही निमूटपणे परत गेलो. मी भटारखान्याकडे पाठ करून बसलो.

पाच मिनिटांत पोऱ्या माझ्यासमोर येऊन उभा. अंगात इस्त्रीचा शर्ट. खांद्यावर तीन नवी कोरी फडकी: हिरवं, पिवळं, पांढरं. तिन्ही एकाच खांद्यावर, एकावर एक. मागून भाऊ गल्ल्यावरूनच म्हणाले, "विचार सरांना, विचार."

"सर," तो म्हणाला, "कुठलं कशाचं?"

सगळं हॉटेल माझ्याकडे बघत होतं. मी हिरव्याकडे बघितलं, पिवळ्याकडे बघितलं. आमच्या घरीही नेमके हेच रंग आहेत. इतक्या वर्षांत मी ते कधी नीट लक्षात ठेवले नव्हते.

"एक मिनिट हं," म्हणालो आणि बायकोला फोन लावला.